आम्ल दुप्पट केलं की अभिक्रियेचा वेगही दुप्पट होतो का?

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. दहावीच्या पुस्तकात 'अभिक्रियाकारकाची संहती वाढली की अभिक्रियेचा दर वाढतो' असं दिलंय, ते त्यांनी मुलांकडून करून पाहिलं. मॅग्नेशिअमची फीत हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली, तर आम्लाची संहती दुप्पट केल्यावर फीत विरघळायचा वेळ निम्म्यावर न येता त्याहून बराच खाली आला. सोडियम थायोसल्फेटच्या प्रयोगात आम्ल दुप्पट संहत घेतलं, तर कागदावरची फुली दिसेनाशी व्हायला जवळजवळ तेवढाच वेळ लागला. वर एका मुलानं विचारलं, विरल सल्फ्युरिक आम्ल लोखंड खातं, तर मग संहत सल्फ्युरिक आम्ल लोखंडी टँकरमधून कसं नेतात? त्यांना कळेना की यातलं नियमात काय बसतं आणि काय बसत नाही.

तिन्ही निरीक्षणं बरोबर आहेत. पुस्तकातलं वाक्यही बरोबर आहे, फक्त दहावीच्या मुलासाठी ते मुद्दाम आखूड ठेवलेलं आहे. आम्ल किती आहे हे पाहण्याआधी आम्ल त्या अभिक्रियेत काय काम करतंय ते पाहावं लागतं. कुठे ते स्वतः खर्च होतं, कुठे नुसतं उत्प्रेरक असतं, कुठे ते आपलं काम क्षणात उरकून बाजूला होतं आणि वेग दुसऱ्याच कुणाच्या हातात असतो. या प्रत्येक ठिकाणी 'आम्ल दुप्पट केलं' याचा परिणाम वेगळा.

सुरुवातीला एक गल्लत दूर करू, कारण तोंडी परीक्षेत अर्धी मुलं इथेच अडकतात. जास्त आम्ल आणि जास्त संहत आम्ल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका बीकरमध्ये १ मोलर (लिटरला एक मोल) आम्ल २० मिलि घेतलं आणि दुसऱ्यात तेच १०० मिलि, तर फीत टाकल्याच्या पहिल्या काही सेकंदांत दोन्हीकडे बुडबुडे सारख्याच जोरानं येतात. फितीला लागून असलेल्या द्रवाच्या पातळ थरात हायड्रोजन आयन किती दाटीनं आहेत यावर वेग ठरतो, बीकर किती भरलाय यावर नाही. दाटी दुप्पट, तर एका सेकंदात पृष्ठभागावर होणाऱ्या टकरा दुप्पट, एवढाच पुस्तकातल्या नियमाचा आधार. फरक पुढे पडतो. २० मिलिमधलं आम्ल लवकर संपत येतं आणि वेग मंदावतो. १०० मिलिमधल्याला ती चिंता नसते.

आता मॅग्नेशिअम. इथे जरा हिशेब करू, कारण खरी गंमत त्यातच आहे. बाजारात मिळणारी फीत मीटरला साधारण एक ग्रॅम भरते. म्हणजे १० सेंमीचा तुकडा ०.१ ग्रॅम, मोलमध्ये ०.००४१. एका मॅग्नेशिअमला दोन हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं, म्हणून हा तुकडा पूर्ण विरघळायला ०.००८२ मोल आम्ल हवं. समजा मुलांनी परीक्षानळीत प्रत्येकी २० मिलि आम्ल घेतलं. ०.५ मोलर आम्लाच्या नळीत एकूण आम्लच ०.०१० मोल. फीत संपेपर्यंत त्यातलं ०.००८२ खर्च होणार आणि उरणार ०.००१८ मोल, म्हणजे संहती ०.५ वरून ०.०९ पर्यंत घसरणार. लेबलवर ०.५ लिहिलंय, पण फितीच्या शेवटच्या टोकाला मिळतंय त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही विरल आम्ल. शेवटचा तुकडा रेंगाळणारच. २ मोलरच्या नळीत मात्र ०.०४० मोल आहे. खर्च तेवढाच, त्यामुळे शेवटीसुद्धा संहती १.६ च्या आसपास राहते. म्हणजे तुम्ही ०.५ आणि २ यांची तुलना करतोय असं समजता, प्रत्यक्षात एका बाजूला घसरत जाणारं आम्ल आहे आणि दुसऱ्या बाजूला बऱ्यापैकी स्थिर.

दुसरी गोष्ट उष्णता. मॅग्नेशिअम आणि आम्लाच्या अभिक्रियेत मोलला सुमारे ४६७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ०.१ ग्रॅमचे झाले १९०० ज्यूलच्या वर. २० मिलि द्रवाला एक अंशानं तापवायला ८४ ज्यूल लागतात, म्हणजे उष्णता बाहेर गेली नाही तर तापमान २३ अंशांनी चढेल. नळी हातात धरली तर चटका जाणवतो तो यामुळे. संहत आम्लात हे सगळं काही सेकंदांत उरकतं, उष्णतेला निघून जायला वेळच मिळत नाही, द्रव तापतो आणि तापल्यामुळे वेग आणखी वाढतो. विरल आम्लात तीच उष्णता हळूहळू काचेतून बाहेर जाते. म्हणजे तुम्ही संहती बदललीत, पण तिच्याबरोबर तापमानही नकळत बदललं. वेळ निम्म्याहून बराच कमी झाला याचं स्पष्टीकरण या दोन गोष्टींतच बरंचसं आहे. अशा आकड्यांवरून अभिक्रियेची कोटी काढली (म्हणजे वेग संहतीच्या कितव्या घातानं बदलतो तो आकडा), तर ती एक आणि दोन यांच्या अधेमधे कुठेतरी येते, आणि मग मुलं विचारतात की दीड कोटी म्हणजे काय. त्या दीडमधला बराच भाग प्रयोगाच्या मांडणीतून आलेला असतो.

उपाय सोपा आहे. फीत २ सेंमीच घ्या आणि आम्ल ५० मिलि. आता फितीला लागणारं आम्ल फक्त ०.००१६ मोल. ०.५ मोलरच्या बीकरमध्ये ०.०२५ मोल आहे, म्हणजे शेवटपर्यंत संहती सहा-सात टक्केच घसरेल आणि तापमान दोन अंशही वाढणार नाही. फीत आधी पॉलिश पेपरनं घासा. जुन्या फितीवर ऑक्साइडचा करडा थर असतो, तो विरघळेपर्यंत बुडबुडे नीट येत नाहीत आणि हा उगाचचा वेळ विरल आम्लाच्या खात्यात जास्त जमा होतो. फीत बुडबुड्यांनी वर उचलली जाते आणि अर्धी कोरडी राहून तरंगते, ती काचकांडीनं खाली दाबून ठेवा. काही जण ती बुडून राहावी म्हणून तांब्याच्या तारेत गुंडाळतात. ते करू नका. आम्लात मॅग्नेशिअमला तांबं टेकलं की दोघांचा विद्युत घट तयार होतो, हायड्रोजन तांब्यावरूनही निघू लागतो आणि तुम्ही मोजताय तो वेग मग नुसत्या आम्लाचा राहत नाही. हीच युक्ती जस्तावर मुद्दाम वापरतात: विरल सल्फ्युरिक आम्लात जस्त मंद चाललं असेल तर मोरचुदाचे दोन थेंब टाकायचे. जस्तावर तांबं बसतं आणि हायड्रोजन झपाट्यानं सुटतो.

थायोसल्फेटकडे वळू. समीकरणात एका थायोसल्फेटला दोन हायड्रोक्लोरिक आम्ल लिहिलेलं असतं, त्यामुळे आम्लाचा प्रभाव चांगला दणदणीत असेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात नेहमीच्या मांडणीत थायोसल्फेट निम्मं केलं की वेळ जवळपास दुप्पट होतो, आणि आम्ल निम्मं केलं तर फारसा फरक पडत नाही. घडतं असं: थायोसल्फेटचा आयन आम्लातला हायड्रोजन आयन लगेच उचलतो, त्याला वेळ लागत नाही. वेळ लागतो पुढच्या कामाला. अशा आयनांमधून गंधकाचे अणू एकापुढे एक जुळत साखळी लांबते, आणि ती पुरेशी लांब झाली की आठ अणूंचं कडं सुटं होतं. मग अशा कड्यांचे कण एकत्र येऊन प्रकाश अडवण्याइतके मोठे व्हावे लागतात. द्रव आधी निळसर दिसतो, मग दुधी, मग पिवळट. या हळू टप्प्यांत मोकळ्या आम्लाला फारसं काम नाही. आम्ल पुरेसं असलं की झालं. ते अगदीच कमी केलंत तर परिणाम दिसायला लागतो, पण शाळेत घेतो त्या प्रमाणात तो किरकोळच.

पोळ्यांचं उदाहरण वर्गात चालतं. लाटायला चार जणी बसल्या आणि तवा एकच असेल, तर पाचवी आणून बसवल्यानं पोळ्या लवकर होत नाहीत. थायोसल्फेटमध्ये आम्ल लाटणाऱ्यांच्या बाजूला आहे, मॅग्नेशिअममध्ये तव्याच्या.

आता जी गोष्ट मला वाटतं बारावीलाही पुरेशी ठसवली जात नाही, ती ही: समीकरणातले आकडे वेगाबद्दल काहीच सांगत नाहीत. ते आधीची आणि नंतरची जमाखर्चाची वही आहेत. मधे काय आणि कोणत्या क्रमानं घडलं ते त्यात नसतं. आम्लाच्या बाबतीत याची दोन उदाहरणं मला फार आवडतात. पहिलं ब्रोमेट आणि ब्रोमाइडचं. आम्लयुक्त द्रावणात एक ब्रोमेट आयन, पाच ब्रोमाइड आयन आणि सहा हायड्रोजन आयन मिळून ब्रोमीन तयार होतं. सहा आहेत म्हणून आम्ल दुप्पट केल्यावर वेग चौसष्टपट व्हायचा नाही. प्रयोगात तो चौपट होतो. आम्लाच्या बाबतीत कोटी दोन, ब्रोमेट आणि ब्रोमाइड यांच्या बाबतीत एकेक. हे मोजण्याची पद्धतही सुरेख आहे: मिश्रणात थोडं फिनॉल आणि मिथाइल ऑरेंज घालतात. तयार होणारं ब्रोमीन आधी फिनॉल गिळतं, फिनॉल संपलं की ब्रोमीन मिथाइल ऑरेंजवर जातं आणि लाल-गुलाबी रंग एकदम उडतो. तो क्षण घड्याळात पकडायचा.

दुसरं उदाहरण याच्या उलट. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आयोडाइड यांच्या अभिक्रियेत समीकरणात दोन हायड्रोजन आयन लिहिलेले असतात, पण आम्ल सौम्य असताना वेग त्यांच्यावर अवलंबूनच नसतो. पेरॉक्साइडचा रेणू आणि आयोडाइडचा आयन भिडले की मुख्य अडथळा पार होतो. आम्ल नंतर आपला हिस्सा भरतं. आम्ल बरंच वाढवलं तर मात्र त्याच्यावर अवलंबून असलेली दुसरी वाट उघडते आणि वेग चढू लागतो. म्हणजे एकाच अभिक्रियेत आम्लाची कोटी संहतीच्या एका पट्ट्यात शून्य आणि पुढे शून्याहून जास्त. स्टार्च आणि थोडं थायोसल्फेट घालून याचं 'आयोडीन क्लॉक' शाळेतही होतं, निळा रंग असा अचानक येतो की मागच्या बाकावरचीही पुढे येतात.

आम्ल उत्प्रेरक असतं ती बाजू आपल्या पुस्तकांत फार मागे पडते. खरं तर अभिक्रियेचा वेग आकड्यांत मांडण्याची सुरुवातच तिथून झाली. जर्मनीत लुडविग विल्हेल्मी यांनी १८५० मध्ये उसाच्या साखरेच्या द्रावणात आम्ल घातलं आणि साखर किती वेगानं तुटते ते ध्रुवणमापीनं, म्हणजे द्रावण प्रकाशाच्या कंपनाचं प्रतल किती वळवतं ते मोजणाऱ्या उपकरणानं, पाहिलं. साखरेचं द्रावण प्रकाशाच्या ध्रुवणाचं प्रतल उजवीकडे वळवतं. आम्लाच्या सान्निध्यात साखरेचा रेणू पाणी घेऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांत तुटतो, आणि या मिश्रणामुळे प्रतल डावीकडे वळतं. या उलटण्यावरूनच या अभिक्रियेला 'इन्व्हर्जन' म्हणतात. नळीतला द्रव न हलवता, त्यातलं काही न काढता, नुसत्या कोनावरून किती साखर उरली ते कळतं. दर त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या आणि आम्लाच्या प्रमाणात असतो हे त्यांनी समीकरणात लिहिलं. तेव्हा त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. पुढे रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड यांनी ते उजेडात आणलं. इथे आम्ल खर्च होत नाही, शेवटी तेवढंच शिल्लक असतं. म्हणून मॅग्नेशिअमसारखी घसरणीची भानगड नाही, आणि आम्लाचा परिणाम सरळ, स्वच्छ दिसतो: हायड्रोजन आयन दुप्पट, वेग दुप्पट.

पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही साखर कारखान्यात केमिस्टला विचारा, ही अभिक्रिया त्याच्या रोजच्या काळजीत असते. ताजा उसाचा रस किंचित आम्लधर्मी, पीएच साधारण पाच ते साडेपाच. तसाच तापवला तर साखर तुटत जाईल, तुटलेली साखर स्फटिक बनून पोत्यात न येता मळीत जाईल. म्हणून पाण्यात कालवलेला दुधाळ चुना आणि गंधकाचा धूर यांच्या मदतीनं रस पीएच सातच्या आसपास आणतात. पीएच एकनं घसरला म्हणजे हायड्रोजन आयन दहापट झाले, आणि इन्व्हर्जनचा वेगही सुमारे दहापट. बाष्पपात्रात तापमान आधीच चढं असताना सातऐवजी सहा पीएच ठेवणं म्हणजे साखर मळीत ओतणं. (शिळ्या उसातलं साखरेचं नुकसान ही वेगळी गोष्ट, त्यात एन्झाइम आणि जंतूंचा हात मोठा.) घरी याच अभिक्रियेचा आपण मुद्दाम उपयोग करतो: गुलाबजामाचा किंवा जिलबीचा पाक साखरू नये म्हणून त्यात लिंबू पिळतो. थोडी साखर तुटली की बाकीच्या साखरेला स्फटिक व्हायला अडचण येते. लिंबू लवकर पिळून पाक जास्त उकळला तर पाक चिकट होतो, साखरत मात्र नाही. वर्गात सांगायला मला मॅग्नेशिअमपेक्षा हे उदाहरण जवळचं वाटतं.

बीएस्सीला मिथाइल अ‍ॅसिटेटचं जलविघटन करतात त्याचं तत्त्वही हेच. ०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आणि ०.५ नॉर्मल सल्फ्युरिक अशी दोन आम्लं घेतात, ठरावीक वेळानं पाच-पाच मिलि नमुना काढून बर्फाच्या पाण्यात ओततात म्हणजे अभिक्रिया गोठल्यासारखी होते, आणि फिनॉल्फ्थॅलीन घालून सोडियम हायड्रॉक्साइडनं अनुमापन करतात. नॉर्मॅलिटी सारखी, म्हणजे सोडता येण्याजोगे एकूण हायड्रोजन सारखे, म्हणून वेग सारखा येईल असा मुलांचा अंदाज असतो. येत नाही. सल्फ्युरिकचा वेग बराच कमी, हायड्रोक्लोरिकच्या निम्म्याहून थोडा वर असा येतो. सल्फ्युरिक आम्ल पहिला हायड्रोजन पूर्ण सोडतं, दुसरा मात्र त्या संहतीला फारसा सोडत नाही. बाटलीवरच्या आकड्यापेक्षा द्रावणात मोकळे हायड्रोजन आयन किती, हे इथे वेगानंच सांगून टाकलं.

यावरून व्हिनेगरचं, म्हणजे त्यातल्या अ‍ॅसेटिक आम्लाचं. १ मोलर अ‍ॅसेटिक आम्लात जेमतेम ०.४ टक्के रेणू विघटित असतात, म्हणजे हायड्रोजन आयन ०.००४२ मोलर. म्हणून त्याच संहतीच्या हायड्रोक्लोरिकपुढे ते मंद. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ते दहापट विरल केलं तर हायड्रोजन आयन दहाव्या हिश्शावर येत नाहीत, तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतात, कारण पाणी वाढलं की विघटन वाढतं. आणि मॅग्नेशिअम टाकलं तर अ‍ॅसेटिक आम्ल तेवढ्याच पीएचच्या हायड्रोक्लोरिकपेक्षा पुष्कळ चांगलं काम करतं, कारण आयन संपतील तसे न तुटलेले रेणू नवे आयन पुरवत राहतात. मंद असलं तरी शेवटी निघणारा हायड्रोजन तेवढाच भरतो. विद्यार्थ्यांना फुगा लावून दाखवा: नळ्या दोन, फीत सारखी, आम्ल दोन्हीकडे पुरेसं. एक फुगा लगेच फुगतो, दुसरा सावकाश, आकार अखेरीस सारखाच.

आता त्या मुलाचा टँकरचा प्रश्न, जो तिघांत मला सर्वात चांगला वाटला. ९८ टक्के सल्फ्युरिक आम्ल म्हणजे जवळपास १८ मोलर. संहतीचा नियम डोळे मिटून लावला तर टँकर रस्त्यातच विरघळायला हवा. पण त्या आम्लात पाणी जवळपास नाहीच, आणि पाण्याशिवाय आम्लाचं नीट विघटन होत नाही. धातूवर हल्ला करणारे जलयुक्त हायड्रोजन आयन विरल आम्लात भरपूर असतात, इथे ते नगण्य. शिवाय सुरुवातीला पोलादावर जी थोडी अभिक्रिया होते तिच्यातून लोह सल्फेट तयार होतं. ते संहत आम्लात विरघळत नाही, पृष्ठभागावर थर धरून बसतं आणि पुढची अभिक्रिया रोखतं. त्यामुळे साध्या पोलादाच्या टाक्या वर्षानुवर्षं चालतात. पाणी वाढत जातं तसा वेग चढतो, मधल्या संहतीला सर्वात जास्त होतो, आणि आणखी विरल केलं की पुन्हा उतरतो. संहती आणि वेग यांचा आलेख इथे सरळ रेषा नाही, टेकडी आहे.

म्हणूनच या टाक्यांबाबत कारखान्यात भीती असते ती संहत आम्लाची नव्हे, त्यात शिरणाऱ्या पाण्याची. टाकी रिकामी केली, धुतली, आणि भिंतींना लागलेलं आम्ल हवेतला किंवा धुण्यातला ओलावा शोषून विरल झालं की तो संरक्षक थर विरघळतो, लोखंड खाल्लं जातं आणि आत हायड्रोजन साठतो. अशा टाकीवर वेल्डिंगची ठिणगी पडली तर स्फोट. 'रिकामी आहे, आता काय होणार' असं समजून केलेल्या कामातच हे घडतं.

संहत नायट्रिक आम्ल आणि लोखंड यांची कथाही अशीच, पण तिथे आड येतो ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. विरल नायट्रिकमध्ये खिळा तांबूस धूर सोडत विरघळतो, अतिसंहत नायट्रिकमध्ये ढिम्म पडून राहतो. फॅरेडे आणि शॉनबाइन या शास्त्रज्ञांनी १८३६ मध्ये यावर बराच पत्रव्यवहार केला होता. तुमच्या पुस्तकातल्या शहाबादी फरशीलाही (ती चुनखडीची, म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेटची) हे लागू आहे: तुकड्यावर विरल हायड्रोक्लोरिक टाका, फेस येत राहतो. विरल सल्फ्युरिक टाका, थोडा फेस येऊन थांबतो, कारण कॅल्शिअम सल्फेटचं कवच चढतं. आम्ल संपलेलं नसतं, वाट बंद झालेली असते. जस्ताचं म्हणाल तर थंड संहत सल्फ्युरिकमध्ये ते मंद, आणि तापवलं तर हायड्रोजनऐवजी सल्फर डायऑक्साइड येतो. म्हणजे संहती वाढवताना अभिक्रियाच बदलली, मग वेगाची तुलना कशाची करायची?

आम्ल वाढवल्यावर वेग खरोखर कमी होतो अशीही उदाहरणं कार्बनी रसायनशास्त्रात आहेत. अ‍ॅसिटोन आणि हायड्रॉक्सिलअमाइन यांच्यापासून ऑक्झाइम हे संयुग बनवताना पीएच चार-पाचच्या आसपास वेग सर्वाधिक असतो. मधला रेणू पाणी सोडतो त्या टप्प्याला आम्लाची मदत होते, म्हणून थोडं आम्ल हवं. पण आम्ल फार झालं तर ते हायड्रॉक्सिलअमाइनलाच हायड्रोजन आयन चिकटवून निकामी करतं. प्रयोगशाळेत जादा आम्ल आवरण्यासाठी सोडियम अ‍ॅसिटेट घालायला सांगतात ते उगाच नाही.

मुलांकडून पुन्हा करून घेणार असाल, तर मी थायोसल्फेटपासून सुरुवात करीन आणि एका वेळी एकच गोष्ट बदलीन. आम्ल बदलताना पाणी घालून एकूण आकारमान कायम ठेवा. ५ मिलि आम्ल घेतलं तिथे ५ मिलि पाणी, १० मिलि घेतलं तिथे पाणी शून्य. नाही तर आम्ल वाढवताना थायोसल्फेट विरल होतं आणि मुलांना आम्लामुळे वेग मंदावतो असं उत्तर येतं. बीकर तोच वापरा, कारण द्रवाची खोली बदलली की फुली वेगळ्या वेळी नाहीशी होते. फुलीकडे बघणारा डोळाही एकाच मुलाचा असू दे. वेळ लिहून झाला की एक भागिले वेळ काढा, तोच वेगाचा अंदाज. मग आम्ल दुप्पट केल्यावर वेग किती पट झाला ते पाहा: एकपट म्हणजे कोटी शून्य, दुप्पट म्हणजे एक, चौपट म्हणजे दोन. २.८ पट आला तर दीड, आणि तेव्हा आधी तापमान आणि उरलेलं आम्ल तपासायचं, मग अभिक्रियेबद्दल बोलायचं.

काचेच्या कपाटातलं संहत आम्ल यातल्या कशालाही लागत नाही. बाटलीतलं हायड्रोक्लोरिक सुमारे १२ मोलर असतं. १ मोलर हवं तर ८३ मिलि आम्ल अर्धा लिटरच्या वर पाण्यात, हळू, ढवळत ओतायचं आणि मग लिटर पूर्ण करायचा. थायोसल्फेटच्या प्रयोगात सल्फर डायऑक्साइड सुटतो, दम्याची मुलं असतील तर त्यांना खिडकीजवळ उभं करा आणि एका वेळी पाच-सहाच बीकर चालू ठेवा. फुली गेली की बीकर तसाच टेबलावर ठेवू नका, वायू नंतरही येत राहतो. धुण्याच्या सोड्याचं द्रावण एका टबात तयार ठेवायचं, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे चार थेंब, आणि वेळ लिहिल्याबरोबर द्रव त्यात ओतायचा. गुलाबी रंग टिकून आहे तोवर सोडा पुरेसा आहे. तो गेला की आणखी घालायचा.